हाताचा गुण

भटजींनी "सावधान" म्हणायला आणि मी मान वर करायला एकच गाठ पडली. खाली बघ, खाली बघ, असं मामी मघापासून कानाशी लागली होती. पण अंतरपाटाखालून नुसते बूट दिसणाऱ्या माणसाचं तोंड पुन्हा एकदा बघून घ्यावं, असं मला वाटलं. तेवढ्यात उजव्या डोळ्यात तांदळाचा दाणा बसला. मागच्या रांगेतली माणसं अक्षता टाकत नाहीत, भिरकावतात. मी हात डोळ्याकडं नेला, तर पाठीशी उभ्या मामानं तो खाली ओढला, कारण हातात हार होता आणि फोटोवाला समोर टपून बसला होता.

डोळ्याला धार लागली. बायका म्हणाल्या, बघा, पाठवणीआधीच रडायला लागली. आमच्या लग्नाच्या आल्बममध्ये मी सगळीकडं एक डोळा मिटून उभी आहे. पुढं माझ्या लेकीच्या लग्नात मी तांदळाचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं आणि फुलांच्या पाकळ्या वाटल्या. पाहुणे म्हणाले, बाई तिरसट आहे. असेना का. ज्याच्या डोळ्यात बसतो त्यालाच कळतं.

सासर फलटणच्या पुढं, कालव्याच्या कडेला. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि हे. भिंतीला भिंत लावून मामंजींचे थोरले भाऊ राहायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. दोन्ही घरांत अण्णांच्या शब्दाबाहेर भांडं हलत नसे. आत्याबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. पहिल्या दिवशी मला वाटलं, झालं, इथं आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. मी सांगितलं, दाणा लागलाय. कुणी ऐकून घेतलं नाही. नव्या नवरीचा डोळा लाल दिसला की त्याचं कारण साऱ्या जगाला आधीच माहीत असतं. बायका येऊन गालाला हात लावून जायच्या, माहेरची सय येतीय होय गं, म्हणायच्या. एकीनं तर मला समजावलं की ती सहा महिने रडत होती आणि आता माहेरी जायचा कंटाळा येतो. मला इतका राग यायचा की रागानं खरंच रडू यायचं, आणि मग त्यांचंच खरं व्हायचं.

तशातच जेजुरीला नेलं. नव्या जोडप्यानं देवाला जायचं असतं, नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात. यांनी मला उचललं, लोकांनी येळकोट केला आणि वरून मुठीमुठीनं भंडारा उधळला. सगळी हळद डोळ्यात. मी यांच्या खांद्यात तोंड खुपसलं, तर लोक म्हणाले, लाजली. घरी आले तेव्हा उजेडाकडं बघवत नव्हतं. डोळ्यात खडा अडकल्यासारखं सतत टोचायचं, आणि पापणी मिटली की जास्त टोचायचं.

सकाळी मी भाकरी थापत होते. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून तोंड भिंतीकडं फिरवून थापत होते, तर एक भाकरी परातीबाहेर गेली. आत्याबाई मागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ही रडत न्हाई. हिचा डोळा दुखतोय."

एवढंच. पण त्या घरात माझं कुणी खरं मानलं ते पहिल्यांदा. माझी आई मला आठवत नाही, मामीनं वाढवलं. मामीला स्वतःची चार, त्यामुळं माझी हनुवटी धरून कुणी असं निरखून बघितलेलं मला माहीतच नव्हतं. मी तिथं चुलीपुढं बसून रडले, आणि या खेपेला ते रडणंच होतं.

मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीत झालं होतं. त्यांच्या डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली देवाच्या फळीवर अर्धी शिल्लक होती. पांढरट औषध, गुलाबी टोपण. आत्याबाईंनी ती काढली. मोठ्या डॉक्टरचं औषध हाय, तुझ्या मामंजींना यानंच उतार पडला, म्हणाल्या. मला माजघरात आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं, वर आढ्याकडं बघ म्हणाल्या आणि थेंब सोडला. मग पदराचा बोळा करून त्यावर तोंडानं गरम फुंकर मारून तो डोळ्यावर धरला. त्यांच्या हाताला पिठाचा वास होता. दिवसातून चारपाच वेळा त्या हातातलं काम टाकून यायच्या आणि मला मांडीवर घ्यायच्या. मी त्या वेळेची वाट बघायला लागले होते, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

आणि गुण आला. दोनेक दिवसांत लाली उतरली, टोचणं कमी झालं. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, आत्याबाईंच्या हाताला गुण आहे. त्यांचं कुणी कौतुक केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, त्यांनीही बहुतेक नसावं. त्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता गूळ-शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या.

पुढच्या आठवड्यात कुंकू लावताना आरशात मला बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. डावा डोळा झाकून बघितलं तर समोरचं सगळं ताकाचा हात लागलेल्या काचेतून बघावं तसं दिसत होतं. दुखणं फारसं नव्हतं, म्हणून मी पुसलं, चोळलं, पुन्हा बघितलं. ठिपका जागचा हलेना. संध्याकाळपर्यंत बातमी भिंतीपलीकडं गेली होती की हणमंताच्या, म्हणजे यांच्या, बायकोच्या डोळ्यात फूल पडलंय.

पुण्याच्या मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, मी, हे आणि आत्याबाई. शिरगावकर म्हणून डॉक्टरीणबाई होत्या, तरण्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी पापणीला केशरी कागदाची पट्टी टेकवली, हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली आणि निळा उजेड सोडला. यांना जवळ बोलावून दाखवलं. जखम असते तिथंच हिरवं चमकतं, म्हणाल्या. यांनी बघितलं आणि मागं सरकले. मग डोळा बधिर करून त्यांनी बारीक पात्यानं ती जखम खरवडली. दुखलं नाही. पण पातं आपल्या डोळ्याकडं येताना दिसतं, अगदी टेकेपर्यंत दिसतं, आणि मान हलवायची नाही. मी आत्याबाईंचा हात असा धरला होता की त्यांच्या मनगटावर माझी नखं उठली.

खरवडलेलं काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि परत आल्या. भाकरीला बुरशी येते ना, म्हणाल्या, तीच. दाण्यानं ओरखडा पडला, त्यातून आत शिरली. त्यांनी बुरशीचं औषध दिलं. बाटली हलवून, हात धुऊन, दर तासाला एक थेंब. बुबुळावरची काच पोखरत गेली आणि तिला भोक पडलं, तर मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच आणून शिवावी लागेल, आणि ती धरेलच असं नाही. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग विचारलं, घरी काही गावठी घातलं का, मध, दूध, झाडपाला?

आत्याबाई ताठ होऊन म्हणाल्या, तसलं आम्ही काही करत न्हाई बाई. आणि ते खरंच होतं. मीही मान हलवली. डॉक्टरचं औषध गावठीत येतं, असं आमच्या दोघींच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नवं औषध घातलं की डोळ्याची आग व्हायची. मी कळवळायचे. आत्याबाईंना ते बघवेना, म्हणून आग निवावी यासाठी त्या मागोमाग गुलाबी टोपणाचा थेंब सोडायच्या. मला बरं वाटायचं. बरं वाटायचं म्हणूनच आमच्या कुणाच्या मनात काही आलं नाही.

इकडं अण्णांनी माझ्या वडिलांना, दादांना, बोलावून घेतलं. ओसरीवर दादा भिंतीला टेकून बसले, टोपी मांडीवर. मी दाराआड चहाचं ताट घेऊन उभी. अण्णांनी सरळ विचारलं, पोरीच्या डोळ्यात दोष होता तर तो झाकून का दिली? आमच्या पोराच्या गळ्यात आंधळी बांधलीत. अशी मुलगी परत न्यायची रीत आहे, म्हणाले. मला वाटलं, दादा उठून उत्तर देतील. दादांनी हात जोडले. लेकराला आई नव्हती, म्हणाले, आमच्या ध्यानात आलं नसंल. माझा डोळा चांगला होता हे माझ्या बापालासुद्धा छातीठोक सांगता येईना, याचा मला अण्णांपेक्षा जास्त राग आला.

आत्याबाई माझ्या शेजारून उंबऱ्यावर गेल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड भिंतीकडं नव्हतं.

"पोरीचा डोळा चांगला व्हता," त्या म्हणाल्या. "बघायला गेलो तवा म्या तिच्याकडनं सुईत दोरा ओवून घेतलाय. दिवेलागणीच्या वक्ताला. पहिल्या झटक्यात ओवला तिनं. जे काय झालं ते माझ्या घरात आल्यावर झालं."

अण्णा म्हणाले, मग झालं कशानं?

"अक्षतानं. त्या आपल्या बाजूनं बी पडत व्हत्या."

मामंजी जमिनीकडं बघत राहिले. दादांनी टोपी घातली. पोरगी कुठं जायची न्हाई, चहा निवतोय, एवढं बोलून आत्याबाई आत आल्या. सगळ्या जन्मात त्या अण्णांपुढं पहिल्यांदा बोलल्या होत्या. या बाईसाठी आपण डोळासुद्धा देऊ, असं मला त्या क्षणी वाटलं.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा फूल वाढलेलं होतं. मला आता समोरच्या माणसाची नुसती सावली दिसत होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीकडेला बाक होता, त्यावर नंबर येईपर्यंत आम्ही बसलो. यंत्रापुढं एक म्हातारे होते. बाई त्यांच्यावर चिडल्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्यांच्या पिशवीतून निघालेली बाटली हातात धरली होती. गुलाबी टोपण.

"आजोबा, हे औषध ऑपरेशननंतरची सूज उतरवतं," त्या सांगत होत्या. "बुरशीच्या डोळ्यात हे घातलं की डोळा लढायचा थांबतो. लाली जाते, ठणका जातो, तुम्हाला वाटतं बरं झालं. आणि आत बुरशीला रान मोकळं."

मी आत्याबाईंकडं वळले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात आमची बाटली होती, स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी मला त्यातला थेंब घातला होता. त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत घट्ट आवळलं होतं. त्यांनाही ऐकू गेलं होतं, आणि टोपणही दिसलं होतं.

माझा नंबर आला. हनुवटी यंत्रावर, कपाळ पट्टीला. उजेड डोळ्यात आला की पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बाईंनी विचारलं, औषध तासाला जातंय? जातंय, आत्याबाई म्हणाल्या. मग हे वाढतंय कसं, बाई म्हणाल्या, माझं निदान चुकलेलं नाही, औषधही बरोबर आहे. काच पातळ झाली आहे. जखम अशीच वाढली तर चारसहा दिवसांत काच फुटेल. आणखी काही घालता का डोळ्यात? नाही, नाही, असं हे घाईघाईनं म्हणाले. यांना बिचाऱ्यांना काही ठाऊकच नव्हतं.

मी थांबले. आत्याबाईंनी बोलावं म्हणून थांबले. त्यांच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि बंद झाल्या. मला कळत होतं त्यांचं काय होणार होतं ते. ज्या तोंडानं त्यांनी अण्णांपुढं माझी बाजू घेतली, त्याच तोंडावर आता सगळं येणार होतं. मनात म्हटलं, आत्याबाई, बोला. त्या बोलल्या नाहीत. बाई लिहायला लागल्या.

"घालतो," मी म्हणाले. "त्या आजोबांचं होतं तेच. गुलाबी टोपणाचं."

बाईंचं पेन थांबलं. यांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आत्याबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"म्या घालते," त्या म्हणाल्या. "तिला उतार पडायचा."

डॉक्टरीणबाई खूप बोलल्या. चूक काहीच बोलल्या नाहीत, पण बोलल्या फार. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. शेवटी म्हणाल्या, सुनेचा डोळा तुम्ही स्वतःच्या हातानं घालवत होतात, आणि बाटली केराच्या डब्यात टाकली. आत्याबाई उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन, भिंतीकडं तोंड करून.

मला तिथंच भरती करून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला रात्री थांबू देत नसत, म्हणून सोबतीला आत्याबाई राहिल्या आणि हे गावी गेले. यांनी घरी काय सांगितलं, कसं सांगितलं, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी फळं घेऊन भेटायला आल्या, तेव्हा गावभर काय चाललंय ते कळलं. मी डोळे मिटून पडले होते, झोपली समजून त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. सासूनं सुनेचा डोळा फोडला. अण्णांपुढं आधीच कशी साळसूदपणे बोलली बघा. एक म्हणाली, आणि आपण हाताला गुण आहे म्हणत होतो. आत्याबाई माझ्या पायाशी डोळे मिटून बसल्या होत्या, पण त्याही झोपलेल्या नव्हत्या. मी ताडकन उठून बसले आणि त्या दोघींना नाही नाही ते बोलले. फळंसुद्धा परत न्यायला लावली. पण सासूची अशी गोष्ट एकदा गावाला मिळाली की ती कोण सोडतंय? सुनेनं कितीही सांगितलं तरी लोक म्हणतात, बिचारी, भीतीनं सांगतीय.

त्या गेल्यावर नर्स आली. औषधाची वेळ झाली होती. तोवर तीच थेंब घालत होती. या खेपेला बाटली आत्याबाईंच्या हातात देऊन म्हणाली, आई, हात धुऊन घाला, मी पलीकडच्या खाटेवर आहे. आत्याबाईंनी हात धुतले. साबणानं धुतले, पुन्हा धुतले, पदराला न पुसता तसेच ओले धरून खाटेवर येऊन बसल्या. मी सरकले आणि नेहमीसारखं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. वर बघितलं. वाट बघितली. थेंब काही पडेना.

"आत्याबाई, घाला की."

"नगं," त्या म्हणाल्या. "तुजं तू घाल."

"मला जमत नाही."

"शिक."

त्यांनी बाटली माझ्या मुठीत ठेवली. मी तशीच पडून हात वर धरला, पापणी ओढली, बाटली दाबली. थेंब गालावर पडला. दुसराही गालावर. आत्याबाईंचा हात पुढं आला, गालापाशी आला, आणि मागं गेला. तिसरा डोळ्यात पडला आणि आग आग झाली.

डोळा वाचला. काच फुटली नाही, फूल मात्र राहिलं. या डोळ्यानं मला समोर धरलेली बोटं मोजता येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. आत्याबाई पुढं पुष्कळ वर्षं होत्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, अण्णा गेल्यावर घर त्यांनीच चालवलं, माझ्यावर आवाज म्हणून कधी चढवला नाही. माझ्या पोरांना त्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, पण पोरांचे डोळे पुसायची वेळ आली की मला हाक मारायच्या. माझ्या तोंडाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं मीच केलं. सकाळी ओल्या फडक्यानं तोंड पुसायला वाकले की त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी म्हणायचे, आत्याबाई, बघा की माझ्याकडं, मला दिसतंय. त्या मान हलवायच्या, पण मी बाजूला होईपर्यंत डोळे उघडायच्या नाहीत.